दुसऱ्या बाटलीपर्यंत पोचणारे थोडेच

केस गळतात म्हणून डोक्याला लावायच्या मिनोक्सिडिल या औषधाची पहिली बाटली आमच्या दुकानातून भरपूर जाते. दुसरी त्याच्या निम्मीही जात नाही. तिसरी नेणारी माणसं मला नावानिशी माहीत आहेत.

कराडला शनिवार पेठेत आमचं मेडिकल आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि नवरा बघतो. माझं डी.फार्म लग्नाआधीच झालं होतं, त्यामुळे काउंटरवर जास्त वेळ मीच असते. केसांचं विचारायला बायका माझ्याकडे येतात हे ठीकच, पण पुरुषही माझ्याकडेच येतात. नवरा स्वतः अर्धा टकला असल्यामुळे त्याच्या सल्ल्यावर कुणाचा विश्वास बसत नसावा.

पहिली बाटली नेलेला माणूस साधारण महिन्याभरात तणतणत परत येतो. "वहिनी, ह्यानं तर हाय ती पन केसं चालल्यात!" उशीवर केस, कंगव्यात केस, मोरीच्या जाळीत केस. मी विचारते, कधीपासून लावताय? तीन-चार आठवडे. मग मी सांगते की हे व्हायचंच होतं. त्यावर तो ज्या नजरेनं बघतो ना, ती मला आता पाठ झाली आहे. फसवल्यावर वर शहाणपण शिकवणाऱ्या माणसाकडे बघावं तशी.

पण खरंच तसंच असतं. डोक्यावर साधारण १ लाख केस असतात आणि प्रत्येकाचं आपलं स्वतंत्र वेळापत्रक असतं. एक केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, मग दोन-तीन महिने तो मुळात नुसता बसून राहतो आणि शेवटी गळतो. रोज ५० ते १०० केस जाणं हे या चक्रात धरलेलंच आहे. मिनोक्सिडिल काय करतं, तर त्या बसून राहिलेल्या केसांच्या मुळांना उठवून पुन्हा कामाला लावतं. नवा केस खालून निघतो आणि जुना पडतो. जे केस पुढच्या दोन-तीन महिन्यांत एकेक करून गेले असते ते एकदमच जातात. गळले म्हणजे गुण येणारच असं नाही, पण गळले म्हणून औषध वाईट असंही नाही. आणि नवा केस वाढतो महिन्याला जेमतेम १ सेंटीमीटर. मग चौथ्या-पाचव्या महिन्याआधी आरशात दिसणार काय? खरा निकाल कळायला वर्ष लागतं. हे सगळं खोक्यातल्या कागदावर छापलेलं असतं, मुंगीएवढ्या अक्षरात, आणि तो कागद खोक्यासकट दुकानाबाहेरच्या डब्यात जातो.

म्हणून आता बाटली देतानाच मी सांगून टाकते की वर्षभर लावायची तयारी असेल तरच न्या. नवरा म्हणतो, तू गिऱ्हाईक घालवतेस. घालवते. पण महिन्याभरानं गिऱ्हाइकाची बोलणी मला खावी लागत नाहीत.

बाटलीच्याही आधी एक प्रश्न विचारायचा असतो, केस जातायत कसे? मूठमूठ निघतायत, की वर्षानुवर्षं विरळ होत चाललेत, की रुपयाएवढी गुळगुळीत चकती पडली आहे? हे तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांवर एकच बाटली चालत नाही.

मूठमूठ जाण्याचा आमच्याकडे हंगाम असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात गावात डेंग्यू, चिकनगुनियाची साथ येते. दिवाळीच्या सुमाराला तीच माणसं केसांची तक्रार घेऊन येतात आणि दोष देतात नव्या शाम्पूला, नाहीतर पालिकेच्या पाण्याला. मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, पंधरा दिवसांत वजन उतरवायचं खूळ, असं काहीही झालं की शरीर पुष्कळ केसांना एकदम विश्रांतीला पाठवतं, आणि ते गळतात दोन-तीन महिन्यांनी. ताप कधीच विसरलेला असतो, त्यामुळे त्याच्याशी संबंध कुणी जोडत नाही. कोरोनानंतर तर हे घरोघरी झालं. माझ्या सासूबाई म्हणतात, बाळ खिदळायला लागलं की आईचे केस गळतात. अशा गळण्याचं टेलोजन एफ्लुव्हियम हे डॉक्टरी नाव त्यांना ठाऊक नाही, पण महिने बरोबर मोजलेत त्यांनी. यातले केस बहुतेकांचे सहा महिन्यांत, कधी थोडे जास्त लागून, आपले आपण परत येतात. यावर बाटली खपवणं सगळ्यात सोपं असतं, कारण काहीही लावलं तरी केस येणारच असतात आणि श्रेय बाटलीला मिळतं. निम्म्या तेलांची ख्याती यावरच उभी आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

चकती पडते ती चाई. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटते. अस्वच्छतेमुळे होत नाही, दुसऱ्याचा कंगवा वापरल्यानं लागत नाही. लहान चकती पुष्कळदा आपोआप भरते. नाही भरली तर त्वचारोगतज्ज्ञ तिथल्या तिथे स्टेरॉइडची बारीक बारीक इंजेक्शनं देतात. फार पसरलेल्या चाईसाठी आता बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्या आल्या आहेत, अमेरिकेत २०२२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालचं काम, सोबत रक्ताच्या तपासण्या आल्याच. आमच्याकडे अजून लोक चकतीवर लसूण घासतात आणि कातडी भाजून घेऊन मलम मागायला येतात. लहान मुलाच्या डोक्यात खवडे, खाज आणि तुटके केस दिसले तर ती चाई नव्हे, बुरशी असू शकते. तिथे पोटातून गोळ्या लागतात, नुसत्या मलमानं भागत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये तर दुकानात आलेला प्रत्येक दुसरा माणूस बुलढाण्याबद्दल विचारत होता. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांच्या डोक्याला आधी खाज सुटायची, आणि तीन-चार दिवसांत केस हातात यायचे. बायका, पोरं, म्हातारे, कुणीही सुटलं नाही. टीव्हीवाल्यांनी त्याला "टक्कल व्हायरस" म्हणून टाकलं आणि आमच्याकडे एक आजी विचारत आल्या, "तो टकलाचा व्हायरस हिकडं पोचला का गं?" व्हायरस नव्हताच. आधी पाण्यावर संशय गेला, बुरशीवर गेला, शाम्पूवर गेला. दिल्लीहून, चेन्नईहून पथकं आली. विंचूदंशावरच्या कामामुळे आपल्याला माहीत असलेल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी गावात जाऊन नमुने घेतले आणि मांडलं की रेशनच्या गव्हात सेलेनियम नावाचं खनिज भयंकर जास्त आहे. सेलेनियम शरीराला किंचित लागतं, अति झालं की केस आणि नखं जातात. पुढे एप्रिलमध्ये त्याच भागातून नखं गळाल्याच्या बातम्या आल्याच. हे इतक्या लांबणीनं सांगायचं कारण असं की तीन-चार दिवसांत डोकं मोकळं होत असेल तर ते नेहमीचं टक्कल नव्हे, ते विष असू शकतं, औषध असू शकतं, केमोथेरपीत होतं तसं. तिथे तेलाच्या बाटल्या बघत बसू नये, डॉक्टर गाठावा.

आता उरलं ते नेहमीचं, वर्षानुवर्षं विरळ होत जाणारं. हे हार्मोन आणि वारसा यांचं काम. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं हार्मोन तयार होतं, आणि ज्यांच्या केसांच्या मुळांना ते सोसत नाही त्यांचा केस दर चक्रात जरा बारीक, जरा आखूड होत जातो. जाडसर केसाची लव होते, आणि मग लवही दिसेनाशी होते. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं दाखवलं की वयात येण्याआधी वृषण गेलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. तोपर्यंत घट्ट टोपीपासून डोक्यातल्या उष्णतेपर्यंत सगळ्यांवर आळ येत होता, आणि आमच्या गल्लीत तो अजून येतो. टक्कल मामाकडून येतं असंही ऐकते. आईकडून येणारा एक जनुक यात महत्त्वाचा आहे हे खरं, पण बापाकडचेही असतात. एकट्या मामाला बोल लावू नका.

बायकांचं चित्र निराळं. कपाळावरची रेषा बहुधा शाबूत राहते आणि भांग रुंद होत जातो. माझा झाला. लग्नाच्या एका पंगतीतला वरून काढलेला फोटो कुणीतरी घरच्या ग्रुपवर टाकला आणि माझं डोकं मला ओळखू येईना. आमच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी डर्माटोस्कोपनं, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगानं, बघितलं, जाड आणि बारीक केस एकत्र मिसळलेले दिसले, म्हणजे वारसाच. तरी त्यांनी आधी रक्त तपासायला लावलं. थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन काठावर, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला. पाळीचा त्रास होताच. म्हणून आधी लोहाच्या गोळ्या घेतल्या. गळणं कमी झालं, पण भांग तसाच. मग मिनोक्सिडिल.

औषध विकणं आणि औषध रोज लावणं यांत किती अंतर असतं ते तेव्हा कळलं. एक तर ते केसांना लावायचं नसतं, कातडीला लावायचं असतं. भांग पाडून, कोरड्या डोक्यावर, थेंब थेंब. बाटलीभर औषध केसांवर ओतून "काही फरक नाही" म्हणणारे अर्धे लोक इथेच चुकतात. पुरुषांना साधारणपणे ५ टक्क्यांचं दिवसातून दोनदा १ मिलीलिटर सांगतात, बायकांना पुष्कळदा २ टक्क्यांचं दिवसातून दोनदा किंवा ५ टक्क्यांचा फेस दिवसातून एकदा. रात्री लावलं तर निजायच्या बरंच आधी लावावं, नाहीतर उशीवरून ते गालावर उतरतं आणि गालावर लव यायला लागते. मला कानशिलांवर आली. दोन-तीन महिन्यांनी टाळूला खाज आणि कोंड्यासारखे पापुद्रे. त्या द्रावणात प्रोपिलीन ग्लायकोल असतं, काहींना ते सोसत नाही. डॉक्टरांनी फेस दिला, त्यात ते नसतं, खाज थांबली. फेस महाग आहे. लावल्यावर हात धुवायचे, आणि घरात मांजर असेल तर फारच जपायचं. मिनोक्सिडिल मांजरांना विष आहे, उशी किंवा डोकं चाटूनही मांजर मरू शकतं. ही गोष्ट गिऱ्हाइकाला सांगितली की तो हसतो, पण मांजरवाला हसत नाही.

निकाल? माझ्या भांगाचं रुंदावणं थांबलं आणि थोडा तो अरुंद झाला. दुसऱ्या कुणाच्या लक्षात येणार नाही इतकाच. मला लक्षात येतो कारण मी दर महिन्याला त्याच खिडकीशी, त्याच उजेडात, कोरड्या केसांचा फोटो काढून ठेवते. आरशावर विश्वास ठेवू नये, त्यात रोजची मनःस्थिती मिसळते. या औषधांचा मुख्य फायदा असा न घडलेल्या गोष्टीत असतो. गेलेलं थोडंफार परत येतं, पण आहे ते राखलं जातं हे त्याहून मोठं. आणि राखलेलं दिसत नाही, म्हणून लोक पैसे वाया गेले म्हणतात.

मिनोक्सिडिल मुळात केसांचं औषध नाहीच. ती हट्टी रक्तदाबावरची गोळी, १९७९ मध्ये अमेरिकेत मान्य झालेली. ती घेणाऱ्यांच्या कपाळावर, हातांवर, पाठीवर केस यायला लागले आणि कंपनीच्या लक्षात आलं की हा दुष्परिणाम विकता येईल. १९८८ मध्ये डोक्याला लावायचं द्रावण आलं. ते नेमकं कसं चालतं याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. एवढं पक्कं की कातडीतलं एक एन्झाइम त्याला सक्रिय रूपात बदलतं आणि काहींच्या टाळूत ते एन्झाइम कमी असतं. मग त्यांनी कितीही निष्ठेनं लावलं तरी गुण येत नाही. अलीकडे त्वचारोगतज्ज्ञ कमी डोसाच्या मिनोक्सिडिलच्या गोळ्याही लिहितात. लावायची कटकट नको म्हणून लोकांना त्या आवडतात. पण पाय सुजणं, धडधड, अंगभर लव हे मागून येऊ शकतं, आणि हृदयाचा काही त्रास असेल तर मित्राच्या चिठ्ठीवर ती गोळी मागायला माझ्याकडे येऊ नये.

माझा पुतण्या पुण्यात हिंजवडीला आहे. स्थळं बघणं चालू. बायोडेटावरचा फोटो इंजिनिअरिंगच्या काळातला, केसांसकट. दिवाळीला आला तेव्हा स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "काकू, तीन महिन्यांत काही होईल का?" हा तीन महिन्यांचा आकडा मी दुकानात इतक्या वेळा ऐकला आहे की लग्नाची तारीख मला न विचारता कळते. त्याला म्हटलं, तीन महिन्यांत होईल ते एवढंच की आणखी गळतील. तो त्याआधीच एका क्लिनिकमध्ये जाऊन आला होता. तिथे डॉक्टर भेटलेच नाहीत, कोट घातलेली एक काउन्सेलर भेटली. तिनं कॅमेऱ्यात टाळू दाखवून घाबरवलं आणि पॅकेज पुढे केलं. पीआरपीच्या आठ बैठका, लेझरचा कंगवा, शाम्पू-सीरमचं किट, वर आजच सही केली तर सवलत, आणि हप्त्यांची सोय. केसांसाठी हप्ते! टक्कल किती टप्प्यावर आहे, घरात कुणाला आहे, कुठल्या गोळ्या चालू आहेत, यातलं काहीही विचारलं नव्हतं.

पीआरपी म्हणजे आपलंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला प्लेटलेट्सचा भाग टाळूत टोचतात. थोतांड म्हणणार नाही, काही जणांना थोडा फायदा झाल्याचे अभ्यास आहेत. पण रक्त किती, फिरवायचं कसं, किती वेळा टोचायचं, यावर एकमत नाही, त्यामुळे एका ठिकाणचा निकाल दुसऱ्या ठिकाणी मिळेल याचा भरवसा नाही. दुखतं बऱ्यापैकी. आणि पुन्हा पुन्हा करावं लागतं, हे पॅकेजवर लिहिलेलं नसतं. जोडीला घ्यायचं असेल तर घ्या, मूळ औषध सोडून नको.

पुतण्याला मी खऱ्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी मिनोक्सिडिलसोबत फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी सुचवली, आणि दुष्परिणाम ऐकून मग ठरव म्हणाले. मला ही पद्धत आवडली.

या गोळीची कथा मला सगळ्यात आवडते. कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये एका गावात काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषाचे बदल होत. १९७४ मध्ये ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिनली या डॉक्टर बाईंनी त्यांचा अभ्यास जगापुढे मांडला. त्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणारं एन्झाइम कमी होतं. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राहायची आणि टक्कल पडायचं नाही. औषध शोधणाऱ्यांनी यातून धागा उचलला की ते एन्झाइम रोखणारी गोळी केली तर? १९९२ मध्ये ५ मिलिग्रॅमची गोळी वाढलेल्या प्रोस्टेटसाठी आली, १९९७ मध्ये १ मिलिग्रॅमची केसांसाठी. म्हणून कधी कधी साठीतले काका प्रोस्टेटची चिठ्ठी घेऊन येतात आणि पोरगा केसांची, आणि दोघांच्याही चिठ्ठीत एकच नाव असतं.

ती रक्तातलं डीएचटी साधारण दोन तृतीयांशानं खाली आणते. मूळ चाचण्यांत दोन वर्षांनी गोळी घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के पुरुषांचे केस मोजणीत टिकून होते, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत २८ टक्के. टिकून होते हा शब्द नीट वाचा. डोक्याच्या मागच्या भोवऱ्याजवळ गुण जास्त, कपाळाच्या कोपऱ्यांत कमी.

दुसरी बाजू लपवून चालत नाही. थोड्या पुरुषांना कामेच्छा कमी होणं, ताठरता न येणं, वीर्य कमी होणं असे त्रास होतात. बहुतेकांचे गोळी थांबवल्यावर जातात, पण थांबवूनही त्रास राहिल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत. मन खचण्याचंही आहे. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं पक्कं केलं. आधीच नैराश्य असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करू नये, आणि घेताना मन उदास व्हायला लागलं तर गोळी थांबवून डॉक्टरांकडे जावं. गरोदर बाईनं फुटलेल्या गोळीला हातही लावू नये, मुलगा असेल तर गर्भाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. गोळी चालू असताना रक्तदान नाही, थांबवल्यावरही महिनाभर नाही. आणि पन्नाशीनंतर प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ताची तपासणी करायला गेलात तर डॉक्टरांना गोळीचं सांगा, कारण ती तो आकडा निम्म्यावर आणते आणि आजार लपू शकतो. आमच्याकडे चिठ्ठीशिवाय ही गोळी मिळत नाही. "वहिनी, एक पत्ता तर द्या की" म्हणणाऱ्यांना मी हेच सगळं ऐकवते. निम्मे मधूनच निघून जातात.

केसांच्या रोपणाबद्दल थोडक्यात. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातल्या केसांना डीएचटीचा त्रास होत नाही आणि पुढे नेऊन लावले तरी ते आपला स्वभाव सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेनट्राइखनं १९५९ मध्ये मांडलं. सगळं रोपण यावरच चालतं. म्हणजे वांग्याची रोपं एका वाफ्यातून उपटून दुसऱ्यात लावायची, एकूण रोपं तेवढीच राहतात. मागचा साठा संपला की संपला. पंचविशीतल्या पोराचं टक्कल अजून पुढे सरकणार असतं. त्याला आत्ताच दाट कपाळरेषा करून दिली तर पस्तिशीत पुढे झुडूप आणि मागे मैदान. शिवाय लावलेले केस पहिल्या महिन्याभरात गळून पडतात, तीन-चार महिन्यांनी निघायला लागतात, आणि पूर्ण दिसायला वर्ष जातं. लग्नाच्या तीन महिने आधी रोपण करणाऱ्याचे फोटो कसे येत असतील ते बघा. आणि आहेत ते मूळचे केस राखायला औषध चालू ठेवावंच लागतं, हे ऐकून तर पुष्कळांचा चेहरा पडतो. कोण करतंय हेही विचारा. रोपणानंतर माणसं दगावल्याच्या बातम्या मुंबईतूनही आल्या आणि दिल्लीतूनही. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाला लिहून काढावं लागलं की यूट्यूबवर बघून किंवा कार्यशाळेत बसून हे शिकता येत नाही, प्रशिक्षित प्लास्टिक सर्जननं किंवा त्वचारोगतज्ज्ञानंच करावं. आयोगाला असं लिहावं लागतं यातच सगळं आलं.

तेलांचं विचारू नका असं म्हणणार होते, पण विचाराल. खोबरेल तेल केसांना चांगलं. धुण्याआधी लावलं तर केसातलं प्रथिन कमी झिजतं, हे २००३ मध्ये आपल्या मुंबईतल्या संशोधकांनीच दाखवलं. पण ते आहे त्या केसाला, नवा केस उगवायला नव्हे. माका, जास्वंद, वडाच्या पारंब्या घालून उकळलेलं सासूबाईंचं तेल मीही लावते, कारण त्या लावून देताना गप्पा होतात. कांद्याच्या रसाचा एक छोटासा अभ्यास बगदादमध्ये झाला होता २००२ साली, पण तो चाईवर होता, टकलावर नाही. केसांसाठी म्हणून खपणारं बायोटिन हे जीवनसत्त्व खरोखर कमी पडणं दुर्मीळ असतं, आणि जास्त डोस घेतला तर थायरॉइडचे नाहीतर हृदयाचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात. रक्त द्यायच्या आधी लॅबवाल्याला सांगा. टक्कल केलं की दाट येतात म्हणून पोरांचं जावळ काढून वर पुन्हा दोनदा वस्तरा फिरवणारे आहेतच. वस्तरा कातडीच्या वरचं कापतो, मूळ आत असतं, त्याला कळतही नाही.

डी.फार्मला कायद्याच्या विषयात शेड्यूल जे शिकवतात. कुठल्या आजारांवर "बरा करतो" असा दावा औषधाला करता येत नाही त्यांची ती यादी आहे. त्यात कर्करोग आहे, मधुमेह आहे, आणि टक्कलही आहे. मी ते पान छापून काउंटरच्या काचेखाली ठेवलं आहे. एसटीत चिकटवलेल्या "२१ दिवसांत केस, अन्यथा पैसे परत" असल्या जाहिरातीचा फोटो कुणी दाखवला की मी काचेकडे बोट दाखवते.

औषध थांबवलं तर काय, हे सगळेच विचारतात. मिनोक्सिडिल थांबवलं की तीन ते सहा महिन्यांत त्यानं धरून ठेवलेले केस जातात, फिनास्टेराइड थांबवली की वर्षभरात. औषध न घेता आज जिथे असता तिथे येऊन पोचता, त्याहून मागे नाही. थांबवायला हरकत काहीच नाही, माझा नवरा तर कधी सुरूच करत नाही. फक्त हे आधी माहीत असावं आणि महिन्याचा खर्च आधी धरावा.

पुतण्यानं खर्च धरला. दोन्ही औषधं चालू आहेत, मधे भरपूर गळले तेव्हा रात्री अकरा वाजता फोन आले, सहाव्या महिन्यात भोवऱ्याजवळ जरा काळं दिसायला लागलं. बायोडेटावरचा फोटो मी बदलायला लावला. फलटणच्या मुलीला त्यानं दुसऱ्या भेटीत सांगून टाकलं की केसांसाठी रोज गोळी घेतो आणि ती बरीच वर्षं घ्यावी लागेल. तिनं आधी दुष्परिणाम विचारले, मग महिन्याला किती लागतात ते विचारलं. बँकेत आहे ती. लग्न मार्गशीर्षात आहे आणि औषधं आमच्याकडून कुरिअरनं जातात, कारण काकूच्या दुकानात त्याला सूट मिळते.